तेच इंजिन, दुसरी गाडी

आजचा विषय आहे एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवण्याचा. बसवायचं कसं, हे आज सांगणार नाही. इंजिन बसलंय, चालूही होतंय, पण गाडी धड चालत नाही. अशा वेळी शोध कुठून सुरू करायचा, ते सांगणार आहे. व्हिडिओत मी बोनेट उघडून एकेका भागावर बोट ठेवत गेलो होतो. पुस्तकात ती सोय नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

इथे भिलाईत आमच्या शेजारचा मुलगा जगदलपूरहून जुनी जिप्सी घेऊन आला. १९९८ची जिप्सी किंग, म्हणजे छत्तीसगड राज्य व्हायच्या आधीची, एमपी नंबरची. ठेकेदाराकडे राबून तीन वर्षांत जमवलेले पैसे त्यात घातलेले, आणि आईला पत्ता नाही. संध्याकाळी गाडी माझ्या फाटकाशी लावून म्हणाला, "काका, केशकाल घाटात तेलाचा दिवा लागला होता. पण खाली आल्यावर विझला."

"मग गाडी थांबवलीस का?"

"नाही ना. विझला म्हटल्यावर चालवत आलो."

तेलाचा दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं, असं पुष्कळांना वाटतं. त्यावर पुढे येतो. आधी हे इंजिन कुठून आलं ते पाहू.

जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली ती ९७० सीसीच्या इंजिनावर. १९९६ साली जिप्सी किंग आली, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरची, आठ व्हॉल्व्हची, साधारण ६० अश्वशक्तीची. २००० साली तिला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन मिळालं, ८० अश्वशक्तीचं. याच घराण्याचं १२९८ सीसीचं इंजिन मारुतीच्या एस्टीम कारमध्येही होतं. पुढे एस्टीम भंगारात स्वस्त मिळू लागल्या आणि देशभरच्या गॅरेजांत एक धंदा सुरू झाला: थकलेल्या जिप्सीत एस्टीमचं इंजिन. कोणत्याही उस्तादाला विचारा, उत्तर एकच, "साहब, बिल्कुल सेम है, सीधा बैठ जाता है."

घराणं एक आहे, हे खरं. पण एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. जिप्सीत ते उभं बसतं, पाठीमागे गिअरबॉक्स आणि खाली पुढचा अ‍ॅक्सल. त्यामुळे इंजिनाचा गाभा सारखा असला तरी त्याच्या भोवतीचं पुष्कळ काही वेगळं आहे: फाउंडेशन, तेलाचं चेंबर, पाण्याचे पाइप, सायलेन्सरचा रस्ता, वायरिंग.

रणगाड्यांतही हेच आहे. आपल्या टी-७२ रणगाड्यांना ७८० अश्वशक्तीच्या जागी १००० अश्वशक्तीची इंजिनं बसवण्यासाठी मार्च २०२५मध्ये रशियाशी करार झाला. टी-९०चं इंजिनही १००० अश्वशक्तीचं आणि त्याच घराण्यातलं. तरीही ताकद वाढली की गिअरबॉक्सला ती पेलते का, इंजिन थंड राहतं का, हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. आमच्या शेजाऱ्याच्या जिप्सीत हा हिशेब कोणीच केला नव्हता.

पोराची पहिली यादी अशी: तेलाचा दिवा, दुपारच्या उन्हात गाडी झटके मारते, सिग्नलला थांबायला आली की बंद पडते, गरमीचा काटा जागचा हलत नाही, आणि सेल्फ मारला की कधीकधी नुसतं टिक-टिक. त्याला वाटत होतं की इंजिनच खराब निघालं, दुसरं आणू. मी म्हटलं, आज पाना उचलायचा नाही.

फौजेत वाहनांचं काम करताना मला एक सवय लागली. जोडकामाची गाडी पुढ्यात आली की आधी खडू घ्यायचा. आम्ही दोघांनी तेच केलं. जे जिप्सीचं मूळचं, त्यावर निळी खूण. जे एस्टीममधून आलं, त्यावर पिवळी. आणि जे या दोन्हींपैकी कशाचंच नाही, उस्तादाने स्वतः कापून, जोडून, वळवून केलंय, त्यावर पांढरी. तासाभरात बोनेटखाली होळी झाली. मग फक्त जिथे रंग बदलतो त्या जागा पाहायच्या. एस्टीमच्या इंजिनाला एस्टीममध्ये त्रास नव्हता, जिप्सीच्या टाकीला जिप्सीत त्रास नव्हता. घोटाळा असणार तो सांध्यावर.

सेल्फपासून सुरुवात केली. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थिंगची जाड पट्टी होतीच कुठे? इंजिन उतरवताना काढली, परत लावायची राहिली. मग सेल्फचा एवढा मोठा करंट परत जाणार कुठून? क्लचच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. दोन-तीनदा सेल्फ मारून क्लचची केबल हाताला गरम लागली, तेव्हा पोराचे डोळे विस्फारले. पट्टी लावली, टिक-टिक संपली.

गरमीचा काटा त्याहून सोपा. काटा जिप्सीचा, सेन्सर एस्टीमचा. दोघांचं गणित जुळत नाही. काट्यासाठी ज्या गाडीचा डॅशबोर्ड, त्याच गाडीचा सेन्सर लावायचा. एमपीएफआयच्या कॉम्प्युटरचा सेन्सर वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही.

उन्हातले झटके पेट्रोलचे. कार्ब्युरेटरच्या जिप्सीत इंजिनावरचा यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, दाब अगदी थोडा. एमपीएफआयला साधारण अडीच-तीन किलोचा दाब लागतो, त्यासाठी टाकीतच विजेचा पंप असतो. इथे टाकी जुनीच होती. उस्तादाने विजेचा पंप बाहेर लावला होता, तोही बोनेटखाली, सायलेन्सरच्या पाइपाजवळ. हे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात कच्चे. त्यात मे महिन्यातली भिलाई, वरून पाइपाची धग, म्हणजे ओढताना पेट्रोलची वाफ होणारच. पंप मागे टाकीशेजारी, टाकीच्या तळाच्या पातळीला नेला आणि उरलेलं पेट्रोल परत टाकीत जायची नळी मोकळी केली. झटके गेले.

सिग्नलला बंद पडणं मात्र चटकन सापडलं नाही. पंप बदलून झाला, प्लग बदलून झाले, चार दिवस गेले. मग लक्षात आलं की 'चेक इंजिन'चा दिवा कधी लागलाच नव्हता. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागायला हवा. जुन्या डॅशबोर्डात तो दिवा नाही, म्हणून त्याची वायर नुसतीच टेप गुंडाळून सोडून दिलेली. साधा बल्ब जोडला, तो लगेच पेटला. एमपीएफआयच्या कॉम्प्युटरला गाडीचा वेग कळावा लागतो, म्हणजे थांबताना स्लो किती ठेवायचा ते त्याला ठरवता येतं. जुन्या जिप्सीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, विजेचा सिग्नल येतच नाही. एवढ्यावरून चार दिवस! बल्ब आधी लावला असता तर एका संध्याकाळचं काम होतं.

आता तेल. चेंबरवर पांढरी खूण होती. एस्टीमचं चेंबर जिप्सीच्या अ‍ॅक्सलवर आदळतं, म्हणून कापून वेल्ड केलेलं. उघडल्यावर दिसलं ते असं: तेल ओढणारी जाळी तळापासून बोटभर वर, आणि तेल हिंदकळू नये म्हणून आत असणारा पत्रा गायब. सपाट रस्त्यावर हे चालून जातं. केशकाल उतरताना गाडीचं नाक खाली, तेल पुढे सरकतं, मागची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दिवा लागतो तेव्हा बेअरिंग कोरडं फिरत असतं. घाट संपला की दिवा विझतो, पण कोरड्याने झालेली झीज तशीच राहते.

यात एक गोष्ट मला नंतर सुचली, तुम्ही आधी पाहा. तेलाची काठी एस्टीमची होती. काठीवरच्या खुणा त्या चेंबरच्या मापाच्या असतात. चेंबर बदललं की काठी खोटं बोलते. ही काठी 'फुल' दाखवत होती. आम्ही तेल काढून मापलं तर चांगलंच कमी निघालं. चेंबर बदललेल्या गाडीत तेल रिकामं करायचं, मोजून भरायचं आणि काठीवर नवी खूण घालायची.

जिप्सीचं मूळ चेंबर आणि त्याचीच जाळी शोधायची, असं ठरलं. पण त्याआधी ब्लॉक केरोसीनने पुसताना नंबर दिसला. आरसीवरचा नंबर वेगळा. चासी नंबर जुळत होता, इंजिनाचा नाही. एवढा वेळ मी दिव्यांच्या मागे होतो. हे पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं, ही माझी चूक.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. आरसीवर लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. आठ व्हॉल्व्हच्या कार्ब्युरेटरऐवजी दुसऱ्या मॉडेलचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, तेही परवानगीशिवाय, म्हणजे कागदावर ही गाडी वेगळीच. गाडी नावावर करायची, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण करायचं, तर तपासणीत अडकणार. अपघात झाला तर विमा कंपनी आधी नंबर पाहणार. तुम्हाला त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन घालायचं असलं तरी आधी आरटीओला विचारा, इंजिनाच्या मूळ मालकाचे कागद आणि बिल जपून ठेवा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पोरगा पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "काका, आता आईला काय सांगू?"

मी विकणाऱ्याला फोन लावायला सांगितलं. फक्त एक प्रश्न: जुनं इंजिन कुठंय? उत्तर आलं, शेडमध्ये मागे पडलंय, भंगारात द्यायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पिकअप करून आम्ही जगदलपूरला. ताडपत्रीखाली इंजिन होतं, नंबर आरसीवरचाच, आणि खाली जिप्सीचं मूळ चेंबर, जाळी, काठी, सगळं जागच्या जागी. बोअर झिजलेला, पण हेड चांगलं. भिलाईत लेथवर बोअर करून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड केला. एस्टीमचं इंजिन विकून खर्चाचा काही भाग निघाला. बाकीचा त्याने हप्त्याने फेडला.

बसवताना पुन्हा खडू घेतला. या वेळी सगळ्या खुणा निळ्या. बाहेरचा पंप काढला, यांत्रिक पंप परत आला, अर्थिंगची पट्टी आधी लावली. चालवून आल्यावर पोरगा कुरकुरला, "काका, पिकअप गेला." ऐंशीच्या वर होती, साठवर आली, जाणवणारच.

परवा तो आईला घेऊन जगदलपूरला जाऊन आला. परतताना केशकालला घाटाच्या माथ्यावर थांबून त्याने काठी ओढून तेल पाहिलं, मग उतरला. दिवा लागला नाही. आईची तक्रार आवाजाची आहे, आणि ती बरोबर आहे. सायलेन्सरचा पाइप अजून त्या उस्तादाने वळवलेलाच आहे.