घंटी वाजली की नेट का जातं? – घरच्या ब्रॉडबँडवर अन्वय-व्यतिरेक

मागच्या व्याख्यानात माझा आवाज तीनदा तुटला, तुम्हीच तसं कळवलंत. विषय होता अनुमान. तेव्हा आज त्या तुटण्याचंच अनुमान करू. इथं मस्तगडात माझ्याकडे अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचंच नेट आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ते आहे, त्यांच्या हे उपयोगी पडेल.

आधी एक भेद नीट करा. नेट 'हळू' चालणं वेगळं आणि 'तुटणं' वेगळं. आपण दोन्हीला 'नेट चालत नाही' म्हणतो आणि तिथंच घोळ होतो. मोडेमवर डीएसएल नावाचा दिवा असतो. तो स्थिर असेल तर तुमचं मोडेम आणि एक्स्चेंज यांचं जुळलेलं आहे. तो लुकलुकायला लागला तर ते जुळणं तुटलं. डीएसएल स्थिर आहे, पण इंटरनेटचा दिवा विझलाय, तर दोष बहुधा तारेत नाही. लॉगिन किंवा पुढची यंत्रणा बघायची.

एकाच तारेवर आवाज आणि नेट दोन्ही कसे जातात? आवाज 4 किलोहर्ट्झच्या खाली राहतो, नेट सुमारे 25 किलोहर्ट्झच्या वर. दोघांना वेगळं ठेवणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. तिला तीन तोंडं: लाइन, फोन, मोडेम. घरात फोन जितके, तितक्यांपुढे फिल्टर हवा. एकही सुटता कामा नये.

आता माझी गोष्ट. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला नेट जायचं. मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली आहे, तिचा चेहरा बघून बोलायची वेळ तीच. मी निष्कर्ष काढला की संध्याकाळी सगळे नेट वापरतात, गर्दी होते. मग नवं मोडेम आणलं. फरक शून्य. मग चिडून लाइनमनविरुद्ध लेखी तक्रार केली.

चूक कुठं झाली? न्यायशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. धूर तिथं अग्नी, हे खरं. पण अग्नी तिथं धूर, हे खरं नाही. सरपण ओलं असेल तरच धूर होतो. त्या ओल्या सरपणाला 'उपाधी' म्हणतात. मी 'संध्याकाळ' धरून बसलो आणि उपाधी शोधलीच नाही. शिवाय गर्दीनं वेग मंदावतो, डीएसएलचा दिवा विझत नाही. माझा तर दिवाच विझत होता!

मग वहीत वेळा लिहायला घेतल्या. आठ दिवसांत दिसलं की नेट जातं त्याच क्षणी घरचा फोन वाजलेला असतो. नातेवाईक सातलाच फोन करतात ना! हा झाला अन्वय: हे असताना ते असणं. पण तेवढ्यानं भागत नाही, व्यतिरेक हवा: हे नसताना ते नसणं. घरातले सगळे फोन काढले. मोडेम थेट बाहेरून तार येते त्या पहिल्या सॉकेटला लावलं. मग एकेक फोन परत जोडायचा आणि मोबाइलवरून घरी फोन लावायचा. बाहेरच्या खोलीतला जोडला, दिवा स्थिर. आतल्या खोलीतला, आई वापरायची तो जुना फोन जोडला आणि दिवा गेला. तीनदा केलं, तीनदा तेच. त्या फोनपुढे फिल्टरच नव्हता. घंटीसाठी तारेवर मोठा व्होल्टेज येतो आणि असा एक फोन सगळी लाइन हलवून सोडतो.

तुमचा दोष दुसरा असू शकतो. म्हणून क्रम सांगतो. पहिलं, संगणक वायरनं मोडेमला जोडा. वायरवर नीट आणि वायफायवर हळू, तर तारेला दोष देऊ नका. दुसरं, रिसीव्हर उचलून ऐका. खरखर असेल, आणि पावसात वाढत असेल, तर कुठंतरी जोडात ओल शिरलीय. तिसरं, मोडेमच्या पानावर, बहुतेक ठिकाणी 192.168.1.1 वर, दोन आकडे बघा. एसएनआर मार्जिन 6 डेसिबलच्या खाली गेलं की लाइन डळमळते. अटेन्युएशन अंतराबरोबर वाढतं, किलोमीटरला ढोबळमानानं 14 डेसिबल. एक्स्चेंज चार-पाच किलोमीटरवर असेल तर मोडेम कितीही बदला, वेग वाढणार नाही. आणि हो, योजनेतला वेग मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दिसतं. एका बाइटचे आठ बिट. भागाकार करूनच भांडा.

तक्रार मी मागे घेतली आणि त्या लाइनमनला फोन केला. तो म्हणाला, "सर, मी विचारलं होतं, आत दुसरा फोन आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

खरंच म्हणालो होतो. आई गेल्यापासून त्या खोलीतला फोन माझ्या लेखी फोनच राहिला नव्हता. आयुष्यभर वर्गात शिकवलं की आप्ताचं वाक्य प्रमाण, म्हणजे जाणणाऱ्या आणि खरं सांगणाऱ्याचं. त्या दिवशी त्यानं माझं वाक्य प्रमाण मानलं आणि मीच आप्त नव्हतो. तेव्हा तक्रार लिहिण्याआधी घरातून एक फेरी मारा, बंद खोल्यांसकट. मग वेळ, दिव्याची स्थिती आणि ते दोन आकडे लिहून द्या. समोरच्याचं काम निम्मं होईल.

पुढच्या वेळी हेत्वाभास. आवाज तुटणार नाही, अशी आशा आहे.