पालीच्या किनाऱ्यावरून उन्हाळी सहलीची निवड

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तन आणि चौक यांच्या शेजारी समुद्रालगत वसलेल्या पाली या मासेमारी गावात मे महिन्यात तापमापकावरचा आकडा फारसा भयावह नसतो. मुंबई परिसराचे त्या महिन्यातील सरासरी कमाल तापमान 33 ते 34 अंश सेल्सिअस असते, तर विदर्भात ते 42 अंशांपलीकडे जाते. तरीही किनाऱ्यावरचा माणूस उकाड्याने हैराण होतो, याचे कारण हवेतील आर्द्रता, म्हणजेच बाष्पाचे प्रमाण, हे होय. घाम सुकताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. परंतु हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की तो सहज सुकत नाही, आणि रात्रीही पारा फारसा उतरत नसल्याने शरीराला विसावा मिळत नाही. म्हणून पालीकरांनी ठिकाण निवडताना तेथील रात्रीचे तापमान आणि हवेचा कोरडेपणा आधी पाहावा. गोव्याचा किंवा केरळचा किनारा कितीही रम्य असला, तरी मे महिन्यात तेथे घरचाच उकाडा भेटतो.

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते, आणि थंड हवेच्या ठिकाणांचे सारे गणित या नियमावर उभे आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये प्रकाशात आणलेले माथेरान सुमारे 800 मीटरवर असल्याने तेथे पाचेक अंशांचा दिलासा मिळतो, तर 1,372 मीटर उंचीच्या महाबळेश्वरात जवळजवळ नऊ अंशांचा. दोन-तीन दिवसांच्या सुट्टीला माथेरान पुरेसे आहे; मोटारींना बंदी असल्याने मुलाबाळांसह निर्धास्त फिरता येते, हा त्याचा गुण उंचीइतकाच मोलाचा मानावा.

पालीची खरी अडचण मात्र दिनदर्शिकेत आहे. शाळांना सुट्टी लागते तेव्हा होड्या समुद्रावर असतात, सुकी मासळी पावसाआधी वाळवून साठवायची असते, आणि घरातल्या बायका-पुरुषांना उसंत नसते. माशांच्या प्रजननासाठी यांत्रिक नौकांवर घातली जाणारी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असते; आरंभीचे काही दिवस होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची शाकारणी करण्यात, म्हणजे पावसापासून त्या झाकून घेण्यात जातात, आणि 15 जूनच्या सुमारास शाळा उघडतात. मच्छीमार कुटुंबाला एकत्र प्रवासासाठी उरतो तो जूनचा दुसरा आठवडा, आणि नेमका तेव्हाच मोसमी पाऊस येतो, कारण मुंबईत त्याच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 11 जून मानली जाते. त्या काळात सह्याद्री व निलगिरी टाळलेले बरे. पाऊस हिमाचलात साधारणपणे जूनच्या अखेरीस पोहोचत असल्याने सुमारे 2,000 मीटरवरील शिमला किंवा मनाली हीच या कुटुंबांसाठी सर्वांत योग्य निवड ठरते. पर्यटनाच्या जाहिराती मे महिन्याभोवती फिरतात आणि कष्टकरी किनाऱ्याचा हा आठवडा कोणी विचारात घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांना जुलैही मोकळा असतो. त्या महिन्यात हिमालयाच्या दक्षिण उतारांवर दरडी कोसळतात, परंतु त्यापलीकडचे लडाख आणि स्पिती हे पर्जन्यछायेचे प्रदेश आहेत, म्हणजे पर्वतरांग ढग अडवत असल्यामुळे तेथे पाऊस अत्यल्प पडतो. मात्र लेह सुमारे 3,500 मीटरवर असून तेथील हवेचा दाब किनाऱ्याच्या दोन-तृतीयांशच असल्याने पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, आणि हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तेथे जाऊ नये.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. तेव्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेकडे निघायचे असेल, तर पालीच्या कुटुंबांनी तिकिटे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच काढून ठेवावीत.