गाडी धावत होती, आकडा थांबला होता

खंबाटकी घाटाचा चढ निम्म्याहून जास्त संपला होता. एका वळणावर गाडीने जोराचा हिसका दिला, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं घुमायचं, गाडी मात्र रडतखडत सरकायची. मागे ट्रकांची रांग. गाडी ऑटोमॅटिक, लिव्हर हलवून खालचा गिअर टाकून पाहिला, तेही ऐकेना. एकाच गिअरला अडकून बसलेली ती गाडी मी साताऱ्यापर्यंत कशीबशी आणली.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला. दोन कोड निघाले. एक पी ०७३३, म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. दुसरा पी ०७२३, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल अधूनमधून तुटतो. तिथल्या माणसाने पहिल्या कोडवर बोट ठेवलं. आतल्या क्लचप्लेटा झिजल्यात, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पाऊण लाखाची तयारी ठेवा. माझा चेहरा बघून मामेभाऊ म्हणाला, "घाई नको करू. आधी आपल्या मिस्त्रींना दाखवू."

त्या मिस्त्रींच्या गॅरेजात मी दीड तास स्टुलावर बसून होते. पान्याला त्यांनी बराच वेळ हातही लावला नाही. त्या दीड तासात एका सेन्सरचं खोटं कसं पकडलं गेलं, ते सांगण्यासारखं आहे.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाच्या बाजूची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या झोताने समोरची पाती फिरतात. पुढे दात्यांच्या चाकांचे संच आणि त्यांना धरणारे-सोडणारे अनेक क्लच. कोणता क्लच कधी धरायचा हे गिअरबॉक्सचा स्वतःचा संगणक ठरवतो, आणि तो आंधळा असतो. त्याला बाहेरचं कळतं ते प्रामुख्याने दोन सेन्सरांवरून. एक आत शिरणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो, दुसरा बाहेर पडणाऱ्या दांड्याचे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की गिअर कोणता पडलाय ते समजतं.

समजा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर दीड आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. माझ्या गाडीच्या टायरचा घेर दोन मीटरला जरासा कमी, म्हणजे चाक मिनिटाला ५१० वेळा फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धरलं तर बाहेरचा दांडा मिनिटाला २,०४० फेरे घेतो आणि आतला ३,०६०. भागाकार दीड. सगळं आलबेल.

आता क्लच खरोखर घसरला, तर आतला दांडा वाजवीपेक्षा जास्त फिरेल आणि भागाकार वाढेल. पण क्लच ठणठणीत आहे आणि बाहेरच्या सेन्सरने निम्मेच फेरे मोजले, तरी भागाकार वाढतोच. ३,०६० भागिले १,०२० म्हणजे तीन. संगणकाला दोन्ही वेळा एकच उत्तर मिळतं, आणि दोन्ही वेळा तो घाबरून एकच गोष्ट करतो. क्लचांकडे जाणारं तेल वळवणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची वीज तोडतो. वीज नसली की तेलाचा दाब आपोआप ठरलेल्या एका गिअरकडे जातो, बहुतेक गाड्यांत तिसऱ्या किंवा चौथ्या. गाडी घरी पोहोचावी आणि क्लच जळू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. घाटात तिचा अनुभव घेताना मात्र सोय वाटत नाही.

म्हणजे पी ०७३३ ही तक्रार खरी असू शकते किंवा पी ०७२३ची सावली असू शकते. कोड कोणत्या मार्गावर गडबड आहे एवढंच सांगतो. त्या मार्गावर सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, दातेरी चाक आहे, खुद्द संगणकही आहे. नुसता कोड वाचून पाऊण लाखाचा निकाल देणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. ताप आला म्हणून कुणी लगेच पोट फाडत नाही.

मिस्त्रींनी लॅपटॉप जोडला, हाताखालच्या पोराला गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः मागे बसले. मीही बसले. पडद्यावर तीन रेषा धावत होत्या. आतल्या दांड्याचा वेग, बाहेरच्या दांड्याचा वेग आणि तिसरी एबीएसच्या सेन्सरांकडून येणारी चाकांच्या वेगाची. चाकांवरच्या सेन्सरांचा गिअरबॉक्सशी संबंध नाही, म्हणून ते त्रयस्थ साक्षीदार. रस्ता बरा होता तोवर तिन्ही रेषा एकमेकींना धरून होत्या. एमआयडीसीतल्या एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मधली रेषा सरळ तळाला गेली. क्षणात पुन्हा वर. बाकीच्या दोघी जिथल्या तिथे.

मिस्त्रींनी पडदा तिथेच थांबवला. "ताई, हे बघा. सेकंदाच्या दहाव्या भागात दांडा थांबला म्हणतोय. तुम्ही थांबलात का?"

मी थांबले नव्हते. माझ्या मांडीवरची पर्ससुद्धा हलली नव्हती.

ही सगळ्या तपासातली मोक्याची जागा. ताशी ६०च्या वेगातली गाडी एक दशांश सेकंदात शून्यावर आणायची, तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १७ पट झटका लागतो. गाडी भिंतीवर आदळते तेव्हाच असा झटका बसतो. बाहेरचा दांडा डिफरन्शियलमार्फत चाकांना पक्का बांधलेला असतो. तो थांबला तर गाडी थांबली. खरा घसरणारा क्लच असा वागत नाही. तो घसरला की इंजिनाचा आवाज चढतो, आतल्या दांड्याची रेषा वर उसळते आणि बाहेरची रेषा गाडीच्या वजनाने शांत राहते. इथे नेमकं उलट घडलं होतं. जड वस्तूला जडत्व असतं, ती आकड्यासारखी उड्या मारू शकत नाही. म्हणून जी रेषा उडी मारते, ती लोखंडाची नसते, विजेची असते.

सेन्सर नव्हते तेव्हा गिअरबॉक्सला वेग कसा कळत होता? जनरल मोटर्सने १९३९मध्ये १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यात बाहेरच्या दांड्याबरोबर फिरणारी वजनं होती. वेग वाढला की ती बाहेर फेकली जायची आणि तेलाचा दाब वाढवायची. तो दाब पुढचा गिअर टाकायचा. आपल्याकडे पिठाच्या गिरणीच्या ऑइल इंजिनाला असतो, तसाच हा गव्हर्नर. पुढे संगणक आला आणि त्या वजनांची जागा बोटाएवढ्या सेन्सरने घेतली.

हा सेन्सर दोन प्रकारचा असतो, आणि तपासणीची रीत त्यावरच ठरते. जुन्या प्रकारात लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. समोरून दातेरी चाकाचा एकेक दात गेला की चुंबकक्षेत्र बदलतं आणि तारेत वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच. याला वेगळी वीज द्यावी लागत नाही, पण चाक हळू फिरलं की सिग्नल क्षीण होतो. म्हणून सेन्सर आणि चाक यांतली फट वाढली किंवा चुंबकाच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला, तर पहिली तक्रार चौकातल्या सिग्नलला गाडी थांबता थांबता येते. तो कीस अंगठा आणि तर्जनी यांत चोळून बघावा. राखाडी मऊ लेप असेल तर ती रोजची झीज. हाताला टोचणारे तुकडे लागले तर मात्र आत दाता किंवा बेअरिंग खरंच तुटतंय.

या वेटोळ्याचा आणखी एक त्रास असतो. थंडपणी उत्तम आणि गरम झालं की मुकं. तार आत कुठेतरी चिरलेली असते आणि उष्णतेने चीर उघडते. गॅरेजात थंड सेन्सर मोजला की तो पास होतो आणि गाडी रस्त्यावर पुन्हा बंद पडते. उपाय साधा आहे. मल्टिमीटर लावूनच ठेवायचा आणि सेन्सरवर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा सोडायची. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५०० ओहमचं वेटोळं ६० अंशांनी तापवलं की ६२०च्या आसपास जायला हवं. आकडा तसा शांतपणे चढला तर वेटोळं निरोगी. मध्येच परिपथ तुटला तर चोर सापडला.

दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी १८७९मध्ये काचेवर बसवलेल्या सोन्याच्या वर्खातून वीज सोडून तो चुंबकात धरत होता. विजेच्या वाटेला आडवा, वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी सूक्ष्म विद्युतदाब निर्माण झाल्याचं त्याला दिसलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून १८ वर्षं होती. आज सोन्याऐवजी सिलिकॉन आहे आणि जोडीला सिग्नल मोठा करणारा परिपथ. दात समोर आला की एक दाब, खाच आली की दुसरा. चाक कितीही हळू फिरो, दाब तेवढाच. ४० दातांच्या चाकाला आपल्या २,०४० फेऱ्यांत सेकंदाला १,३६० ठोके पडतात. पण हा सेन्सर जगतो बाहेरून मिळणाऱ्या विजेवर, आणि त्याला ओहमवर मोजण्यात काही अर्थ नसतो.

माझ्या गाडीच्या सेन्सरला तीन वायरी होत्या, म्हणजे हॉल. पोराने कपलर काढला, मल्टिमीटरच्या सुया लावल्या. पूर्ण १२ व्होल्ट. "सप्लाय ओके, सेन्सरच गेलाय," तो म्हणाला. माझंही तेच मत झालं असतं.

"कपलर जोड परत," मिस्त्री म्हणाले, "आणि मागून सुई घालून मोज."

यात फार मोठी समज आहे. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. गच्चीवरच्या टाकीचा पाइप गाळाने तुंबला तरी नळ बंद असताना नळाशी दाब पुरेपूर असतो. नळ सोडल्यावर करंगळीएवढी धार लागते तेव्हा तुंबलेलं कळतं. कपलर जोडला म्हणजे नळ सोडला. सेन्सर काही मिलिअँपिअर ओढू लागला आणि १२चे ९ झाले. मिस्त्रींनी वायरींचा जुडगा दोन बोटांत धरून हळूच हलवला. ६. पुन्हा हलवला. ११. पुन्हा ५, आणि लॅपटॉपवर सेन्सर गप्प.

मग त्यांनी कपलर उघडून उजेडात धरला. तीन पिनांपैकी दोन लख्ख होत्या. तिसऱ्या पिनेवर हिरवी पूड साचली होती, आणि कपलरच्या तोंडाचं रबरी सील कडक होऊन एका बाजूने चिरलं होतं.

"कळंक," मी म्हटलं. शब्द आपसूक तोंडात आला. आजीच्या पितळी पातेल्यात कल्हई उडाली की ताक कळकायचं, तोच हा कळंक. आणि ही नुसती उपमा नाही. अशा पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांच्यावर कथलाचा पातळ थर असतो, म्हणजे शब्दशः कल्हई. इंजिनाच्या थरथरीने पिना एकमेकींवर घासत राहतात, कल्हई उडते, खालचं तांबं उघडं पडतं. त्यात पावसाचं किंवा प्रेशरने गाडी धुताना उडालेलं पाणी शिरलं की शेजारच्या दोन पिनांमध्ये इवलंसं विद्युत अपघटन सुरू होतं. धन बाजूच्या पिनेतून तांब्याचे कण पाण्यात उतरत जातात. म्हणून वीज पुरवणारी पिन सगळ्यांत आधी खंगली आणि बाकीच्या दोन वाचल्या.

पोराने ती पिन कापून नवी बसवली, वायरीला पक्का क्रिंप मारला, नवं सील घातलं, आत ग्रीस भरलं. सेन्सर तोच राहिला. खर्च हजाराच्या आत. मिस्त्रींनी कोड पुसले, पण गाडी लगेच हातात दिली नाही. "तेल तापू दे. थंड गाडीवर माझा विश्वास नाही."

आम्ही यवतेश्वरच्या घाटाला लागलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. मिस्त्रींनी एका चढाच्या वळणावर मुद्दाम गाडी उभी करायला लावली, पुन्हा उचलायला लावली, आणि एका खडबडीत पट्ट्यावरून दोनदा नेली. पडद्याच्या कोपऱ्यात गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान ७०, ८०, ८८ असं चढत गेलं. तिसरा गिअर पडला. भागाकाराच्या रकान्यात १.५० आलं. खड्डा आला, आमची डोकी छताला लागता लागता राहिली, आणि १.५० तसंच होतं.

"आता घ्या तुमच्या हातात," मिस्त्री म्हणाले आणि उतरून मागे जाऊन बसले.