सत्तावीस की वीस सात?

आमच्या अभ्यासवर्गातील दुसरीची मुले सध्या 21 ते 99 या संख्या शिकत आहेत. 'सत्तावीस' म्हटले की काही मुले 72 लिहितात आणि घरी धपाटा खातात. पालकहो, यात मुलाचा दोष नाही. कानावर आधी सात पडतो, लिहायचा मात्र आधी दोन. एकोणतीसची तर तऱ्हाच न्यारी. ऐकू येते तीस, लिहायचे 29! म्हणून 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' असे वाचनही आले. कानडी, तेलुगूत हीच रीत आहे. टीका पुष्कळ झाली. पण जुनी नावे काढलेली नव्हती. आम्ही दोन्ही शिकवतो, कारण दुकानदार सत्तावीसच म्हणणार. घरी दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे बांधावेत, सात काड्या सुट्या ठेवाव्यात आणि किती झाल्या ते विचारावे. दोहोंपैकी कोणतेही उत्तर आले तरी चालेल.