श्वानपारखी मालोजीराव

शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवर राखणीचा कुत्रा आपण नित्य पाहतो. परंतु त्याचे कूळ विचारण्याची बुद्धी आपणांस क्वचितच होते. ती झाली मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांस. मुधोळ आज कर्नाटकात आहे. तेथील शिकारी लोकांपाशी असलेल्या कारवानी कुत्र्यांतून उत्तम तेवढे निवडून राजेसाहेबांनी त्या जातीची जोपासना केली. एक जोडी बादशहा पाचवे जॉर्ज यांसही नजर केली.

श्वानप्रदर्शनातील परीक्षक केवळ दोन कुत्र्यांची तुलना करीत नाही. निमुळते तोंड, खोल छाती, बारीक कंबर, मोकळी चाल ही जातीची लक्षणे ठरलेली असतात. त्यांवरच तो प्रत्येकास पारखतो. ही नजर केवळ ग्रंथांतून येत नाही. घरच्या लाडक्या पिल्लातील दोष ओळखून जो त्याला पैदाशीपासून दूर ठेवतो, त्यासच ती लाभते, असे आम्हांस वाटते.

संस्थान १९४८ साली विलीन झाले. वाण मात्र टिकला. २००५ साली तो टपालाच्या तिकिटावर आला, २०१६ साली सैन्याने त्याची पिल्ले शिक्षणासाठी मेरठला नेली. विलायती कुत्र्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी वाचकांनी एकदा या देशी कुळाकडे पाहावे. राजाश्रय गेला, आता आश्रय द्यावयाचा तो घराघरांनीच.