टॉवेलात कसली आली राष्ट्रीय सुरक्षा?

होटगी जंक्शनवर रेल्वे सुरक्षा दल, सोरेगावला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 10, केगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र. सोलापूरच्या आसपास वर्दीची वस्ती काही कमी नाही. या वर्दीवाल्याला बंदूक लागते हे पोरसोरही सांगेल. पण त्या बंदुकीमागे वर्दी, बूट, पट्टा, चादर, टॉवेल, सतरंजी, मच्छरदाणी, मेसचे धान्य, बराकीची साफसफाई आणि भाड्याच्या गाड्याही लागतात. हा सारा माल कोणीतरी विणतो, शिवतो, पुरवतो आणि सरकारी तिजोरीतून त्याचे बिल घेतो. तो कोण? त्यात आपण कुठे आहोत?

सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गणवेश शिवण्यात या शहराचे नाव देशभर आहे. होटगीपासून शहरापर्यंतच्या आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी बाया नगावर शिलाई करतात. हात आमचे आहेत, सुई आमची आहे. निविदेवरची सही मात्र आमची नाही!

हा प्रश्न आजचा नाही. 29 ऑक्टोबर 1942 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी ठेक्यांचाही हिशेब होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीतल्या 1,171 ठेकेदारांत अनुसूचित जातीचा ठेकेदार फक्त 1 होता, हे बाबासाहेबांनी सरकारच्या नजरेस आणून दिले. आम्ही नोकरीतले आरक्षण लक्षात ठेवले, त्यासाठी रस्त्यावर आलो. ठेक्याची मागणी मात्र त्या निवेदनातच राहिली.

आज कायदा काय म्हणतो? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 खाली केंद्राने 23 मार्च 2012 रोजी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 20 टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे त्यात होते. 2018 साली ते प्रमाण 25 टक्के झाले. त्यातच 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून करायची आहे. निविदेचे कागद मोफत आणि बयाणा रक्कम माफ. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, औद्योगिक सुरक्षा दल ही गृह मंत्रालयाची दले आणि रेल्वेचे सुरक्षा दल यांची खरेदी या आदेशाबाहेर नाही. संरक्षण मंत्रालयाच्या हिशेबातून वगळली आहे ती शस्त्रास्त्रांची आयात, टॉवेल नव्हे.

मग अंमलबजावणीचे काय? पुढची कित्येक वर्षे हा आकडा 4 टक्क्यांच्या निम्म्यालाही पोचला नाही. कारण आदेशातच पळवाट आहे. अनुसूचित जाती-जमातीचे उद्योग निविदेत उतरले नाहीत किंवा अटी आणि दर यांत बसले नाहीत, तर त्यांचा वाटा इतर लघु उद्योगांकडून भरून काढता येतो. म्हणजे पंगत मांडायची, दार अर्धवट लोटायचे, आणि 'तुम्ही आलाच नाहीत' म्हणून आमचे ताट दुसऱ्यापुढे सरकवायचे!

दुसरी पळवाट 'सुरक्षा' या शब्दात आहे. नव्या लघु उद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट देता येते. पण 2016 च्या सूचनांनी सार्वजनिक सुरक्षा, आरोग्य आणि संवेदनशील सुरक्षा कामे व उपकरणे यांत अनुभवी पुरवठादारालाच पसंती देण्याची मुभा ठेवली. बुलेटप्रूफ जाकिटाला अनुभवाची अट हवीच. तिथे जवानाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण चादरीला, सतरंजीला, बराक झाडण्याच्या कामाला ती का लावावी? ज्याला पहिले काम मिळत नाही त्याला अनुभव येणार कुठून? टॉवेलात कसली आली राष्ट्रीय सुरक्षा?

आता राज्याकडे वळू. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यसूचीतला विषय. म्हणून 2012 चा आदेश सोरेगाव किंवा केगावच्या खरेदीला बांधत नाही. महाराष्ट्राने इच्छा असेल तर स्वतःचा कायदा करावा. अशक्य आहे काय? होटगीहून विजयपूरची गाडी धरा, शंभर किलोमीटरच्या आत दुसऱ्या राज्याचा कायदा सुरू होतो. कर्नाटकाने सार्वजनिक खरेदीच्या कायद्यात दुरुस्ती करून 2017 पासून 50 लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांना आरक्षण दिले. 2023 साली ती मर्यादा 1 कोटीवर नेली. शेजारी जे करतो ते फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला का जमू नये? आणि बांधकामाबरोबर पोलिसांच्या वर्दीचा आणि चादरीचा ठेकाही त्यात का नसावा?

मागणी करताना आपले कागदही तयार हवेत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. ती माल पुरवण्याआधी करावी. भागीदारीत किंवा खासगी कंपनीत अनुसूचित जाती-जमातीचा वाटा किमान 51 टक्के हवा. नावापुरता आपला माणूस पुढे करून मागे दुसऱ्याने धंदा चालवणे ही समाजाशी गद्दारी आहे. बौद्ध बांधवांनी ध्यानात ठेवावे, 1990 च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती आपल्यालाही लागू झाल्या. मात्र दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीची नोंद लागते. त्यानंतर सरकारच्या जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव घालावे. बिल अडले तर घाबरू नये. करारात काहीही लिहिले असले तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. खरेदीदार खाकीत आहे म्हणून कायदा बदलत नाही.

बचत गटांनी, शिलाई करणाऱ्या भगिनींनी एकत्र येऊन एक तरी उद्योग नोंदवावा. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात प्रत्येक दलाला विचारावे, तुमच्या खरेदीतले 4 टक्के कुठे गेले? 1942 साली बाबासाहेबांनी 1,171 पैकी 1 हा हिशेब मांडला. आजचा हिशेब मागणे आपल्या हाती आहे.

जय भीम!