सदाहरितांच्या भाऊकीतला पानझडी

आपल्या शेतातलं बुजगावणं पाखरांना हाकलतं. कॅनडात जेम्स बे या उपसागराच्या काठी राहणारे क्री लोक मात्र पाखरांना बोलावणारं बुजगावणं बांधतात. बारीक, तपकिरी काटक्यांची जुडी घ्यायची, मधे फुगीर राहील अशी दोऱ्यानं आवळायची, की धड तयार. दुसऱ्या सडपातळ जुडीला बाक देऊन मान वळवायची, टोकाशी काटक्या दुमडून डोकं काढायचं, शेपटीकडची टोकं कातरून सारखी करायची. ना खिळा, ना रंग. अशी पाच-सहा सोंगं दलदलीत मांडली, की वरून जाणाऱ्या कॅनडा गूज या रानहंसांना वाटतं, खाली आपलेच सोबती चरतायत. थवा उतरतो आणि दबा धरून बसलेल्याच्या घरची चूल पेटते.

या काटक्या टॅमरॅकच्या. पाइन, स्प्रूस, देवदार यांच्या कुळातलं हे झाड. त्या कुळाची ओळखच सदाहरित अशी; बर्फातही हिरवंगार उभं राहणं हा त्यांचा बाणा. टॅमरॅक त्यातलं बंडखोर. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास त्याच्या सुया हळदीसारख्या पिवळ्या होतात आणि पंधरवड्या-तीन आठवड्यांत झडून जातात. हिवाळ्यात नवखा माणूस ते पाहतो, तेव्हा शेजारच्या हिरव्या स्प्रूसमध्ये हे एकच झाड वाळून गेलंय असं त्याला वाटतं. काटक्यांचा रानहंस होतो तो याच उघडेपणामुळे. स्प्रूसची फांदी बाराही महिने सुयांनी भरलेली. तिची अशी सुटसुटीत जुडी बांधताच येणार नाही.

टॅमरॅक हे लार्च वंशातलं. या वंशाच्या दहाएक जाती युरोप, सायबेरिया, चीन, उत्तर अमेरिका अशा गार मुलखांत पसरल्या आहेत. एक जात आपल्या सिक्कीम-अरुणाचलच्या उंच हिमालयातही आहे. टॅमरॅकचा पसारा अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत. उणे 60 अंशांच्या आसपासची थंडीही ते सोसतं.

आता प्रश्न असा, की इतकं चिवट झाड पानं टाकतं कशाला? उत्तर आपल्या सागापाशी सापडतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग पानं गाळतो, कारण जमिनीत पाणी उरलेलं नसतं आणि त्याच्या परातीएवढ्या पानांतून ते उडत राहिलं तर झाडाचा निभाव लागणार नाही. टॅमरॅकच्या पायाशी पाण्याला तोटा नाही. ते दलदलीतच उभं असतं. पण हिवाळ्यात ते पाणी गोठतं, आणि गोठलेलं पाणी मुळांना शोषता येत नाही. झाडाच्या लेखी तोही दुष्काळच. वरून ऊन आणि कोरडा वारा पानांतला ओलावा ओढत राहतात. स्प्रूस यावर तोडगा काढतो तो जाड, मेणचट, टणक सुयांचा. अशी सुई बनवायला खर्च फार, म्हणून ती अनेक वर्षं वापरायची. टॅमरॅकचा हिशेब वेगळा: सुया पातळ, मऊ, दोन-तीन सेंटिमीटरच्या, खुरट्या फांद्यांवर दहा-वीसच्या झुबक्यांत. कमी खर्चात बनवायच्या, उन्हाळाभर राबवायच्या आणि टाकून द्यायच्या. टाकण्याआधी मात्र त्यांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस बराचसा खोडात परत ओढून घ्यायचा. घर सोडताना दिव्याचे बल्बसुद्धा काढून नेणाऱ्या भाडेकरूसारखं हे काम. दलदलीच्या निकस मातीत ही काटकसर जीव वाचवते.

निकस जागा तरी त्यानं का निवडली? सावली त्याला सोसत नाही. चांगल्या जमिनीत इतर झाडं उंच होऊन त्याचं ऊन अडवतात. दलदलीत स्पर्धा कमी, ऊन भरपूर. पायाशी शेवाळाचा थर वर्षानुवर्षं वर चढत राहतो. मग बुडणाऱ्या खोडालाच टॅमरॅक नव्या मुळ्या फोडतं. जुन्या खाली गुदमरतात, नव्या वरच्या थरात पसरतात. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या भाषेत त्याचं नावच मशकीगवातिग, म्हणजे दलदलीचं झाड.

या मुळांनी एकोणिसाव्या शतकात भलताच भाव खाल्ला. पाणथळ जमिनीत मुळं खोल न जाता आडवी धावतात. त्यामुळे खोडाचा बुंधा आणि एक जाड मूळ मिळून जवळपास काटकोन तयार होतो, आणि लाकडाचे धागे त्या कोनातून अखंड वळलेले असतात. लाकडी जहाजात बाजूची भिंत आणि डेकच्या तुळया जिथे भेटतात तिथे असाच कोनी आधार लागतो. सरळ फळी कापून कोन केला तर धागे तुटतात आणि सांधा तिथेच दगा देतो. मेन, न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या जहाजबांधणीसाठी म्हणून लोक दलदलीत उतरून टॅमरॅकचे बुंधे मुळांसकट खणून काढत. त्या तुकड्याला ते ‘गुडघा’ म्हणत. आपल्याकडे नांगरासाठी अंगचाच बाक असलेली बाभळ हेरून ठेवत, त्यातलीच ही नजर. शिवाय लाकूड राळेनं भरलेलं, ओलाव्यात लवकर न कुजणारं. पुढे रेल्वेचे स्लीपर आणि तारेचे खांबही त्याचे झाले.

पण जहाजं येण्याच्या कितीतरी आधीपासून या झाडाचं वाकणं तिथल्या मूळच्या लोकांना ठाऊक होतं. बर्फावर पाय रुतू नये म्हणून घालायच्या स्नोशूची चौकट, सामान ओढायची टोबोगन घसरगाडी, होडीचं वल्हं, या साऱ्यासाठी ते टॅमरॅक वापरत. लांब, चिवट मुळांनी काही ठिकाणी भूर्जसालीच्या होड्या शिवत. क्री भाषेत टॅमरॅकला ‘वाकिनाकन’ म्हणतात आणि त्याच भाषेत ‘वाक’ या मुळाचा अर्थ आहे वाकलेलं. मराठी माणसाचा कान इथे टवकारणारच. दोन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण या नावाचं मराठी भाषांतर करायची गरज उरत नाही, एवढं खरं.

सालीचा वाटा औषधाकडे जातो. भाजलेल्या किंवा चिघळलेल्या जखमेवर आतल्या सालीचं पोटीस बांधायची रीत ओजिब्वे आणि क्री या दोघांतही होती. अलीकडे क्युबेकमधल्या क्री वस्त्यांत मधुमेह वाढला, तेव्हा मिस्टिसिनीसारख्या गावांतल्या जाणत्यांना विचारून संशोधकांनी पारंपरिक वनस्पतींची यादी केली. तीत टॅमरॅक होतं. सालीच्या अर्कानं प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं आशादायक परिणाम दाखवले. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता मात्र लांब असतो. त्यामुळे हा अजून अभ्यासाचा विषय आहे, घरगुती उपायाचा नव्हे.

टॅमरॅकच्या हिशेबाची खरी परीक्षा झाली ती 1880 नंतर. लार्च सॉफ्लाय या माशीसारख्या दिसणाऱ्या कीटकाची त्या वर्षी उत्तर अमेरिकेत पहिली नोंद झाली. त्याच्या अळ्या सुयांचे झुबकेच्या झुबके फस्त करतात, आणि पुढच्या काही दशकांत पूर्वेकडची मोठी टॅमरॅकं अफाट संख्येनं मेली. तरीही ती एका फटक्यात मेली नाहीत. सदाहरित झाडाच्या सगळ्या सुया गेल्या तर अनेक वर्षांची पुंजी बुडते. टॅमरॅकला दरवर्षी नव्यानं सुरुवात करायची सवयच असते, म्हणून सलग काही वर्षं ओरबाडलं गेल्यावरच ते हात टेकतं. या चिवटपणाला मानही मिळाला: 1999 मध्ये कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशानं जॅक पाइनला बाजूला करून हेच झाड अधिकृत वृक्ष म्हणून निवडलं.

क्युबेकच्या क्री मुलखात वसंतात शाळांना साधारण दोन आठवड्यांची ‘गूज ब्रेक’ ही सुट्टी असते. तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं रानहंसांच्या शिकारीसाठी तळावर जातात. बर्फ अजून पुरता वितळलेला नसतो आणि टॅमरॅक उघडंबोडकंच असतं. त्याच्या काटक्यांचे खोटे रानहंस पाण्याकाठी मान वळवून बसतात, खरे रानहंस हाका देत वरून येतात. ज्यांना फसायचं ते फसतात, बाकीचे उत्तरेला निघून जातात. मग कधीतरी, सुट्टी संपून मुलं शाळेत परतल्यावर, त्या उघड्या फांद्यांवर कोवळ्या पोपटी सुयांचे झुबके फुटतात.